कात्रीमास्तरांनी कापलेला धागा

समोर माणूस आला की कात्रीमास्तर आधी त्याचा खांदा बघत. शिवण हाडावर बसली आहे की खाली दंडावर घसरली आहे, एवढं दिसलं की त्या माणसाची लायकी त्यांना कळायची. मग कॉलर, मग काजं. तोंडाकडे सगळ्यात शेवटी, तेही नाइलाजानं, कारण मास्तरांना ऐकू येत नव्हतं आणि समोरचा काय बरळतोय ते ओठांवरून ताडावं लागायचं. जगातली निम्मी माणसं त्यांच्या लेखी खांद्यातच नापास होती. उरलेली तोंड उघडल्यावर नापास व्हायची.

गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ते कापड कापायचे. शाळांचे शर्ट, पहारेकऱ्यांच्या पँटी, दवाखान्यांचे कोट आणि गाऊन. लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरलेले, वरच्या थरावर खडूची आखणी, आणि मास्तरांच्या हातात उभ्या पात्याचं विजेचं यंत्र. हात खरोखर चांगला होता, ते कुणी नाकारत नव्हतं. पण हात चांगला म्हणून माणूस सहन करावा लागत होता. एकदा एका शिलाईवाल्या बाईनं कच्च्या टाक्याची लांब टोकं पक्की टीप पडायच्या आधीच छाटून टाकली. मास्तरांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाले, "कच्चा टाका लांब सोडतात तो नंतर ओढून काढायला. हे ज्याला कळत नाही त्यानं कापडाला हात लावू नये, पोती शिवावीत." बाई रडली. मास्तरांना तिचं रडणं ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी फारसा फरक पडला नसता. कात्री हे नाव आपल्याला हातातल्या कात्रीवरून पडलं अशी त्यांची समजूत होती. कारखान्यात कुणालाही विचारलं असतं तर त्यानं जिभेकडे बोट दाखवलं असतं.

कान लहानपणापासून वाहायचे. आईनं कोमट तेल घातलं, शेजारणीनं सुचवलं ते घातलं, आणि शेवटी कापसाचा बोळा खुपसून विषय मिटवला. पडद्याला भोक होतं ते मोठं झालं, पू आतल्या हाडापर्यंत गेला, हाड कुजत राहिलं. उजवा कान आधी गेला, डावा मागाहून. तरुणपणी डॉक्टरकडे जायला कुणी अडवलं नव्हतं, पण डॉक्टर ही जात मास्तरांच्या हिशेबात खांद्यातच नापास होती. दुसऱ्याच्या शर्टावरचा डाग टेबलाच्या या टोकावरून ओळखणारा हा माणूस आयुष्यभर वाहता कान घेऊन हिंडला. शेजारी बसणारे जरा सरकून बसत. मास्तर समजत, लोक आपल्याला मान देऊन जागा करून देताहेत.

आणि ऐकू येत नाही हे कबूल करायचं नाही, हा त्यांचा बाणा. कुणी काही बोललं की "आलं, आलं, ऐकू आलं," म्हणून मान हलवायची आणि आपल्याला हवं तेच करायचं. घरी बायको पाटीवर लिहून सांगायची. पाटीवर मावेल तेवढंच ती लिहायची, आणि पाटीवर मावेल तेवढंच तिच्या डोक्यात असतं असं मास्तरांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. लग्नानंतर पहिली काही वर्षं त्यांनी तिचा आवाज ऐकला होता. तो कसा होता हे त्यांना आठवत नव्हतं, आणि आठवत नाही याचंही त्यांना काही वाटत नव्हतं.

मग तो प्रकार झाला. दवाखान्याच्या कोटांचं पांढरं कापड अंथरलं होतं. मास्तरांनी यंत्र सुरू केलं आणि तेवढ्यात मालकांच्या लक्षात आलं की खालच्या थरांतला तागा सबंध तेलकट आहे. मालक मागून ओरडले, थांबा. शिलाईवाल्या बायका ओरडल्या. सगळा कारखाना थांबला, एक मास्तर सोडून. ते आपले रेषेवरून यंत्र नेत, नेहमीच्या सुबक हातानं, सगळं कापड वाया घालवत टेबलाच्या टोकापर्यंत गेले. मालकांनी खडू उचलला आणि टेबलावर लिहिलं, "कान करून घ्या. ऐकू आलं तर टेबल तुमचं. नाहीतर घड्या घालायला बसा."

घड्या घालायचं टेबल कोपऱ्यात होतं. तिथे तयार शर्ट दुमडून पिशवीत भरत. मास्तर त्या टेबलाला कारखान्याचा भाग मानत नसत. त्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

कानामागे लावायचं साधं यंत्र त्यांनी पूर्वी वापरून पाहिलं होतं. वाहत्या कानात ते बसायचं नाही, कान आणखी चिघळायचा, आणि आता तर आतलं ऐकण्याचं कामच संपलं होतं. आवाज कितीही मोठा केला तरी उपयोग नव्हता. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं की इम्प्लांट बसवावं लागेल. मास्तरांनी त्यांचा खांदा पाहिला. कोट आपल्याच कारखान्यातला निघाला, त्यामुळे खांदा पास करावा लागला.

डॉक्टरीणबाईंनी तोंडावरची पट्टी खाली ओढली, सावकाश बोलल्या, चित्र काढून दाखवलं, आणि राहिलेलं बायकोनं पाटीवर लिहिलं. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा भाग असतो. त्यात एक बारीक तार सरकवायची. बाहेरचं यंत्र आवाज पकडणार, तार तो थेट नसेला देणार. पण तुमचा कान वाहता आहे. घाणीत तार घातली तर पू त्या तारेवरून आत चालत जाईल, मेंदूपर्यंत. म्हणून काम दोन टप्प्यांत करायचं. आधी कुजलेलं हाड साफ करायचं, झालेली पोकळी तुमच्याच पोटातल्या चरबीनं भरायची, आणि कानाचं तोंड आतून शिवून कायमचं बंद करायचं. काही महिने थांबायचं. सगळं कोरडं राहिलं तरच इम्प्लांट.

मास्तर हसले. "ऐकू यावं म्हणून कान शिवून टाकायचा," ते बायकोकडे वळून म्हणाले, त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे बाहेरच्या बाकावरच्या लोकांनाही ऐकू जाईल अशा. "डोकं जाईना म्हणून गिऱ्हाईक शर्ट घेऊन आलं, आणि यांनी गळाच शिवून दिला."

डॉक्टरीणबाईही हसल्या. मास्तरांना ते आवडलं नाही. बायकोनं मग डॉक्टरीणबाईंना काहीतरी विचारलं, बराच वेळ विचारलं. हिला एवढं काय विचारायचं असतं, असं मास्तरांना वाटलं आणि ते भिंतीकडे बघत बसले.

उजव्या कानाचं पहिलं ऑपरेशन झालं. पोटावर एक चीर, कानामागे एक, आणि कानाचं तोंड बंद. पट्टी निघाल्यावर मास्तरांनी पहिलं काम काय केलं असेल, तर दोन आरसे घेऊन टाके तपासले. कानामागचे टाके त्यांनी नाक मुरडून का होईना, पास केले. पण कानाच्या तोंडाशी, जिथे आता नुसती खळगी उरली होती, तिथे एका निळ्या धाग्याची दोन टोकं चांगली नखभर लांब सोडलेली होती.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, हात लावू नका, ठरल्या दिवशी या, मी काढीन. पाटीवरही लिहून झालं होतं. मास्तरांनी मान हलवून "आलं, आलं," म्हटलं होतं. पण लोंबता धागा म्हणजे मास्तरांना डोळ्यातलं कुसळ. एवढं शिकून सवरून, एवढ्या दिव्यांच्या उजेडात काम करून, शेवटी धागा छाटायचा विसरलीच की बाई. अडकला कशात तर सगळी शिवण उसवेल. दोन दिवस त्यांनी दम धरला. तिसऱ्या दिवशी न्हाणीघराचं दार लावून, धागे छाटायची छोटी कात्री घेऊन ते आरशापुढे उभे राहिले. धागा जरा ताणला आणि अगदी मुळाशी, गाठीसकट, कच्चकन कापला. उरलेला तुकडा ओढून काढला. थोडं रक्त आलं. मास्तरांना बरं वाटलं. एका सर्जनचं काम आपण निगुतीनं पुरं केलं, अशा समाधानात त्यांनी कात्री पुसून ठेवली.

"धागा कुठे गेला?" ठरल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पडला आपोआप," मास्तर म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी निरखून पाहिलं. वरून सगळं मिटलेलं दिसत होतं. पुढच्या तपासण्यांतही कान कोरडाच निघाला. इम्प्लांटचा दिवस ठरला. मालकांनी तोवर टेबल राखून ठेवायचं कबूल केलं. मास्तर कारखान्यात सांगत सुटले की डॉक्टर काय, कुणीही होतो, कापडावर चार वर्षं काढल्याशिवाय टाका येत नाही.

शेवटच्या तपासणीनंतर काही दिवसांनी खळगीत ओल आली. सुरुवातीला घाम असेल म्हणून त्यांनी पुसली. मग रोज पुसू लागले, कारखान्यातल्या मलमलीच्या चिंधीनं, गुपचूप. त्या गाठीनं धरलेली कातडीची घडी आतून हळूहळू सैल झाली होती आणि टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. ते काय आहे हे मास्तरांना कळलं नाही असं नाही. जन्मभर ज्या ओलीबरोबर राहिले ती त्यांना ओळखू येणार नाही काय? पण सांगितलं तर ऑपरेशन पुढे जाणार, ऑपरेशन पुढे गेलं की टेबल जाणार, आणि धागा कुणी कापला ते विचारणार. या तिन्हीपैकी तिसऱ्याची त्यांना जास्त भीती वाटत होती. मेंदूपर्यंत पू जाईल हे त्यांनी ऐकलं होतं, म्हणजे पाटीवर वाचलं होतं. पाटीवरचं काय, पुसलं की गेलं.

एका सकाळी बायकोनं उशीचा अभ्रा त्यांच्यापुढे धरला. उजव्या कानाच्या जागी पिवळट डाग होता. तिनं काही लिहिलं नाही. नुसता अभ्रा धरून उभी राहिली. घरातले अभ्रे लग्नापासून तीच धूत आली होती. तो डाग तिला ओळखायला शिकवायची गरज नव्हती.

"चहा सांडला," मास्तर म्हणाले.

उशीवर चहा कोण पितो? पण बायकोनं विचारलं नाही. अभ्रा दुमडला आणि आत गेली. मास्तरांना वाटलं, पटलं तिला. गरीब गाय, हिला काहीही पटतं.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांना गाऊन घालायला दिला. तोही त्यांनीच कापलेला. बगलेतला गोल बघून ते स्वतःवरच खूश होते. डॉक्टरीणबाई पलंगापाशी आल्या तशी बायकोनं पिशवी उघडली आणि न धुतलेला अभ्रा काढून त्यांच्या हातात दिला. तिचे ओठ हलत होते, पण ती मास्तरांकडे पाठ करून बोलत होती. मास्तर ओरडले, "चहा आहे तो, चहा." डॉक्टरीणबाईंनी अभ्रा नाकाशी नेला. मग दिवा घेऊन कानात पाहिलं आणि कानामागे बोटानं दाबलं. खळगीत पिवळा थेंब वर आला. त्यांनी तो कापसावर टिपून मास्तरांना दाखवला, आणि ऑपरेशन रद्द झालं.

"तो धागा," त्या सावकाश म्हणाल्या, म्हणजे ओठ वाचता यावेत. "खरंच पडला होता?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून मास्तरांनी हल्ला करायचं ठरवलं. लांब टोकं सोडून देणं हे कामचुकारपणाचं लक्षण आहे, ते म्हणाले. आमच्याकडे असं काम घेऊन कुणी आलं असतं तर त्याच्या अंगावर फेकलं असतं. मी कापला धागा, नीट कापला, जे तुम्ही करायला हवं होतं ते केलं.

डॉक्टरीणबाईंनी उत्तर देण्याआधी बायकोनं पाटी घेतली. दोनच शब्द लिहिले आणि पाटी मास्तरांच्या मांडीवर ठेवली. "कच्चा टाका."

मास्तर पाटीकडे बघत राहिले. कच्च्या टाक्याची टोकं लांब सोडतात, घडी धरून बसली की ओढून काढायला. पोरसवद्या बायकांना रडवून शिकवलेली गोष्ट. त्यांना लाज वाटली. आणि लाज वाटली की ते चिडत, दुसरं काही त्यांना येत नव्हतं. ते बायकोला फितूर म्हणाले, डॉक्टरीणबाईंना शिकाऊ म्हणाले, आणि गाऊनची गाठ सोडता येईना म्हणून गाऊन शिवणाऱ्यालाही काहीतरी म्हणाले.

कान पुन्हा उघडला, पुन्हा साफ केला, पोटातली चरबी पुन्हा काढली, पुन्हा शिवला. या खेपेला घरातल्या सगळ्या कात्र्या बायकोनं कपाटात घातल्या आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. भाजी चिरायची सुरीसुद्धा वापरून झाली की आत जायची. मालकांनी वाट पाहिली नाही. टेबलावर दुसरा माणूस आला आणि मास्तर घड्यांच्या कोपऱ्यात बसले, त्याच रडलेल्या बाईच्या शेजारी; तिला तेव्हाच शिलाईवरून इथे हलवलं होतं.  बाही कशी दुमडायची ते ती दाखवून द्यायची, आणि मास्तरांना ते शिकावं लागत होतं, कारण त्यांना घडी घालता येत नव्हती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्या नव्या माणसाचा खांदाच कसा पडलेला आहे, हे ते तिला रोज सांगत. ती मान हलवायची.

कान कोरडा राहिला. धागा डॉक्टरीणबाईंनी स्वतः ओढून काढला आणि बायकोला दाखवला. पुढे इम्प्लांट झालं. आणखी काही आठवड्यांनी बाहेरचं यंत्र चालू केलं, तेव्हा मास्तरांना ऐकू आलं ते पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं. "हे?" ते म्हणाले. "यासाठी पोट दोनदा फाडलं?" यंत्र जुळवून देणाऱ्या तिथल्या ताईंनी समजावलं की मेंदूला शिकायला वेळ लागतो. रोज तासभर सराव करायचा. घरातल्या कुणीतरी मागे बसायचं, ओठ दिसता कामा नयेत, एक वाक्य म्हणायचं. मास्तरांनी ते जसंच्या तसं परत म्हणायचं.

घरात बायको सोडून होतंच कोण? ती त्यांच्या मागे खुर्ची ओढून बसली. आधी ती सोपं बोलायची. दार लाव. पाणी तापलं. आज ऊन आहे. मास्तर काहीच्या बाही परत म्हणायचे आणि यंत्राला शिव्या घालायचे. ती पुन्हा म्हणायची. आठवडे गेले तसे खडे कमी झाले, आणि खड्यांतून शब्द वेगळे पडू लागले. आवाज जरा घोगरा होता, शांत होता. मास्तरांना वाटलं होतं बारीक असेल.

ते चुकेनासे झाले तशी तिची वाक्यं लांबत गेली, पाटीवर मावणार नाहीत इतकी.

"तुमच्या शर्टाची कॉलर मळली आहे," ती म्हणाली.

"माझ्या शर्टाची..."

"जसं ऐकलं तसं म्हणायचं. ताईंनी सांगितलंय."

"तुमच्या शर्टाची कॉलर मळली आहे," मास्तर म्हणाले.

"या घरात एकच शहाणा माणूस आहे, असं त्या माणसाला वाटतं."

मास्तरांनी तेही म्हटलं. दातओठ खात, पण म्हटलं, कारण टेबल हवं होतं. रोजचा तास असा चालायचा. शेजारणी काय म्हणतात, घड्यांच्या टेबलावरच्या बाईनं बाजारात काय सांगितलं, पाहुण्यांसमोर ते कुणाला काय बोलले आणि पाहुणे पुन्हा का आले नाहीत, सगळं तिच्याकडे साठलेलं होतं, घडी घालून. आणि कात्रीमास्तर स्वतःच्या मोठ्या आवाजात ते एकेक वाक्य परत म्हणत होते. खिडकी उघडी असायची. मास्तरांच्या जिभेनं आजवर अनेकांना कापलं, पण असं मापात, एकही धागा न सोडता कापणं त्यांना कधी जमलं नव्हतं. गरीब गाय म्हणे.

एक दिवस मालकांनी त्यांना टेबलापाशी बोलावलं, जुन्या चिंध्यांचे थर अंथरले, यंत्र हातात दिलं आणि मागे जाऊन उभे राहिले. शिलाईची यंत्रं सगळी चालू होती. मास्तर अर्ध्या रेषेवर आले तेव्हा मालक म्हणाले, "थांबा." मास्तरांनी पातं बंद केलं. बायकांनी यंत्रं थांबवून बघितलं. घड्यांच्या टेबलावरची ती बाईही बघत होती.

मास्तर घरी आले ते छाती काढून. नव्या माणसाला हलवलं, ते चपला काढता काढता सांगू लागले. मालकाला म्हटलं, त्याच्या हातात कात्री म्हणजे माकडाच्या हातात कोलीत. आणि ती डॉक्टरीण, तिला तर मीच टाका शिकवला म्हणायचा. शेवटी माणूस लागतो तो अस्सल लागतो.

"बसा," बायको म्हणाली. "आजचा तास राहिलाय."

"आता कशाला तास? टेबल मिळालं."

तिनं खुर्ची ओढली. मास्तर पाठ करून बसले. आज त्यांना काहीही म्हणायला सांगितलं असतं तरी त्यांनी म्हटलं असतं, इतके ते खुशीत होते.  मग बायकोनं वाक्य दिलं, सावकाश, ताई देतात तसं.

"चहा सांडला."

 मास्तरांनी वळून बघितलं नाही. हात वर गेला आणि बंद कानाच्या खळगीपाशी थांबला. तिथे बोट कोरडंच लागलं. बाहेर कुणीतरी दाराची कडी लावली, तीही त्यांना ऐकू आली.

"ऐकू नाही आलं?" बायकोनं मागून विचारलं.

"आलं," मास्तर म्हणाले. "ऐकू आलं."